डाव्या हाताची धार

मामा,

ही हाक मी तुम्हाला पहिल्यांदाच मारते आहे. पंधरा वर्षं या घरात तुमची सून म्हणून काढली, दुसऱ्यांशी बोलताना रोज दहा वेळा म्हणाले असेन, मामा जेवले का, मामा रानात गेलेत का. पण तुमच्या तोंडावर हा शब्द कधी आला नाही. तुमच्याशी बोलायचं तर मध्ये म्हैस लागायची. तुम्ही सगुणेला सांगायचात, मी सगुणेला उत्तर द्यायचे, आणि ती बिचारी आपल्या दोघांच्या मध्ये रवंथ करत उभी. आता तिला मध्ये घालून उपयोग नाही, म्हणून सरळ तुम्हालाच लिहिते.

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. काल दहावा झाला. लोक म्हणतात, रड बाई, मोकळी हो. पण मला रडू येत नाही. दुःख अजून आमच्या वेशीबाहेरच थांबलंय, घरात नुसता धक्का येऊन बसलाय. सकाळी चहा ठेवताना मी अजून तुमचं आधण धरते आणि पाणी उकळल्यावर लक्षात येतं.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच म्हणतो. "सोन्यासारखं मरण आलं म्हाताऱ्याला. कुणाला तरास न्हाय, कुणाला काय बोलणं न्हाय. बसल्या बसल्या गेले." तुमचा मुलगा दत्ता, म्हणजे हेही, तेच सांगतात, मामी मान हलवतात. मी चहाचे कप गोळा करते. कारण मला माहीत आहे की हे खरं नाही. तुम्ही बोलला होता. तीन दिवस बोलत होता. आणि ऐकणारी मीच होते. आज सकाळपर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आपलं बोलणं सुरू कसं झालं ते तुम्हाला आठवतं का? मला नवी नवी असताना तुमची भीती वाटायची. तुम्ही खाकरलात की मी आत. तुम्हीही मान वर करून बघायचा नाहीत. सगुणेची आई तेव्हा दावणीला होती. लग्नाला सात-आठ महिने झाले असतील, एका सकाळी मी पेंड भिजवायची विसरले. तुम्ही म्हशीच्या पाठीवर हात ठेवलात आणि मोठ्यानं म्हणालात, "आज उपाशीच दूध दे गं बाई. घरात नवी पाव्हणी आलीया, तिला वाटतंय तू वाऱ्यावर जगतीस."

मी दाराआड होते. भीती होतीच, पण राग तिच्याहून मोठा निघाला. मी पदर सावरला आणि म्हशीलाच सांगितलं, "म्हणावं, नवी पाव्हणी डाळ शिजवायली व्हती. रात्री ताट चाटून पुसून खाल्लं ती डाळ कुणी केली, इचार."

तुम्ही हसला नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून पेंड तुम्ही स्वतः भिजवायला लागलात. आणि मग ते चालूच झालं. घरातलं काही सांगायचं असो, बाजाराचं असो, माझ्या माहेरचं असो, सगळं धारेच्या वेळेला, म्हशीमार्फत. मामी कपाळाला हात लावायच्या. "दोघंबी येडे. त्या मुक्या जनावराच्या कानाला घट्टे पडतील." ह्यांनी एकदा विचारलंही, अगं सरळ बोलत का नाहीस? मी म्हटलं, सरळ बोलले तर मान राखून बोलावं लागेल. म्हशीमार्फत मला हवं ते बोलता येतं.

सगुणेच्या आईला दगडी झाली ते वर्ष मी विसरणार नाही. कास सुजून दगडासारखी टणक होते म्हणून आपल्याकडे त्या रोगाला दगडी म्हणतात. तुम्ही म्हणालात, नजर लागली, भरल्या कासेकडं कुणीतरी बघितलं. लिंबू उतरलंत, मिरच्या जाळल्यात, शेजारच्यांशी महिनाभर अबोला धरलात, त्यांनी बिचाऱ्यांनी म्हशीकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. चौथ्या दिवशी सडातून दुधाऐवजी रक्त आलं तेव्हा डॉक्टरांना बोलावणं धाडलं. म्हैस वाचली, तो सड मात्र कायमचा गेला. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. गोठ्यात बसून त्या आटलेल्या सडावरून बोटं फिरवत होता. ते बघूनच मी पशुसखीच्या प्रशिक्षणाला नाव दिलं. गावातल्या बायकांना जनावरांची प्राथमिक तपासणी शिकवत होते, परंड्याला, पाच दिवस. तुम्ही सगुणेला, ती तेव्हा वर्षाची वगार होती, म्हणालात, "आता बायका म्हशीचं शिकणार. उद्या म्हशी बायकांचं शिकतील."

पण पाचही दिवस मला स्टँडवर सोडायला तुम्हीच आलात. मोटरसायकलवर एक शब्द नाही. म्हैस नव्हती ना मध्ये.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कास दगड झालेली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. त्याच्या आधी दूध बोलतं. रोज पहिल्या दोन धारा काळ्या कापडावर घ्या. पांढऱ्या दुधात पांढरा कण दिसत नाही, काळ्यावर लगेच दिसतो. सगुणा पहिल्यांदा व्याली आणि मी घरभर काळं कापड शोधलं. मामींच्या एका काळ्या साडीला हात लावायची माझी छाती नव्हती. खुंटीला तुमची छत्री लटकत होती. मी तिचा एक तुकडा कापला, स्टीलच्या वाटीवर ताणला आणि रबर लावलं.

संध्याकाळी तुम्ही ती वाटी बघितलीत, मग खुंटीकडे बघितलंत. "सगुणे," तुम्ही म्हणालात, "तुझ्या दुधाच्या तपासणीपायी माझं टकुरं उघडं पडलं बग. पाऊस आला तर आता तुझ्या पोटाखाली बसू व्हय?"

"म्हणावं, त्या छत्रीच्या दोन काड्या मोडल्या व्हत्या. ती असून बी भिजतच येत व्हते."

"अन तिला सांग, त्या छत्रीनं माझ्या तीन सोयरिकी जमवल्या."

"मग आता चार सडांची जमवू दे."

तुम्ही तोंड फिरवलंत, पण तुमचे खांदे हसत होते. मी बघितलं होतं.

आणि मागच्या साली तुमची माझी पैज लागली, ती आठवते? सगुणेची कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, कापडावर एक कण नाही. तरी मी म्हटलं, मागचा उजवा सड बरोबर नाही. तुम्ही हसलात. मी प्रशिक्षणात मिळालेलं चार वाट्यांचं ताट आणलं, प्रत्येक वाटीत एकेका सडाचं दूध, त्यात जांभळं औषध घातलं आणि ताट गोल फिरवलं. तीन वाट्यांतलं दूध पाण्यासारखं पळत होतं. चौथीतलं जागेवर गोळा झालं, भेंडी चिरल्यावर सुटतात तशा तारा सुटल्या. तुम्ही वाकून बघत राहिलात. डोळ्यांना काही दिसत नाही, हाताला काही लागत नाही, आणि आत रोग येऊन बसलाय. डॉक्टरांना बोलावलं, सड वाचला. त्या संध्याकाळी तुम्ही सगुणेच्या कानाशी लागून म्हणालात, "तुझी बाई हुशार हाय. पर तिला सांगू नगंस, डोक्यावर चढंल." मी चार पावलांवर उभी होते. माझ्या माहेरी कुणी मला हुशार म्हटलं नव्हतं, मामा. तुम्ही म्हटलंत, आणि मी चढलेही डोक्यावर. खोटं कशाला बोलू.

पण खरं सांगायचं तर त्या पैजेतही माझं निम्मंच कौतुक होतं. मागचा सड बरोबर नाही हे मला कळलं कशावरून? तुमच्याकडून. तुम्ही रोज धारेला बसायच्या आधी हाताची पालथी बाजू कासेला लावायचात, आणि धार काढताना डोळे मिटून ऐकायचात. उजवी धार, डावी धार, चरवीत पडताना दोन्हींचा सूर सारखा लागला पाहिजे. एक जरी मऊ पडली की तुम्ही थांबायचात. "ह्या सडाचा आवाज बसलाय." एका उन्हाळ्यात तुम्ही सगुणेला सांगितलंत, "तुझ्या बाईला म्हणावं, डोळे छत्रीला लाव, पर कान धारंला लाव." तेव्हापासून मी गोठ्यात कान लावून बसायला लागले. तुम्ही बसायचात, मी वैरण टाकत ऐकायचे. पैजेच्या आदल्या दिवशी उजव्या मागच्या धारेचा आवाज मला किंचित बसका वाटला होता. तुमचं त्या दिवशी लक्ष नव्हतं, एवढंच.

म्हणजे ऐकायला तुम्हीच शिकवलंत. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढचं सांगताना मला ते विसरता येणार नाही.

आपली दोन भांडणं मात्र मिटली नव्हती. एक पहिल्या धारेचं. तुम्ही पहिली धार जमिनीवर सोडायचात, धरित्रीचा वाटा म्हणून. मी सांगायचे, रोगी दूध जमिनीवर सांडलं की त्यावर माशा बसतात, जनावर तिथंच बसतं आणि रोग पुन्हा कासेला चिकटतो. म्हणून आधी छत्री. तुम्ही म्हणायचात, "सगुणे, तिला सांग, धरित्रीचा वाटा तपासून द्यायचा नसतो." मी म्हणायचे, "मग नासका वाटा धरित्रीला चालतो का, इचार." यावर तुम्ही खाकरायचात.

दुसरं भांडण अंगठ्याचं. तुम्ही अंगठा मुडपून, त्याच्या पेरावर सड दाबून धार काढायचात. त्यानं सड आतून सोलवटतो, आणि सोलवटला की रोगाला दार उघडं. पुऱ्या मुठीनं काढा म्हणून मी सात वर्षं तुमच्या मागे लागले. तुम्ही म्हणायचात, चाळीस वर्षांचा अंगठा आहे, एका दिवसात शहाणा कसा होईल. तुमच्या त्या पेरावर घट्टा पडला होता, चिंचोक्याएवढा. आणि मग, जायच्या पंधरा दिवस आधी, एका सकाळी मी बघते तर तुम्ही मूठ वापरताय. तुम्हीच म्हणालात, "सगुणे, तिला सांग, जिंकली. आता तरी तोंड बंद ठिव म्हणावं."

मी जिंकले, मामा. त्या जिंकण्यानंच घात केला.

जायच्या दोन दिवस आधीची सकाळ. मी वैरण टाकत होते. उजवी धार नेहमीसारखी सणसणीत, आणि डावी मऊ. मध्येच तुटणारी. माझा हात वैरणीत तसाच राहिला. तुम्हीही थांबलात. तुम्हीही ऐकलं होतं.

"सगुणे, तुझ्या बाईला सांग, डाव्या अंगाचा सड बग म्हणावं. आवाज बसलाय."

मी धावत छत्रीची वाटी आणली. कापड स्वच्छ. चार वाट्यांचं ताट आणलं, जांभळं औषध घातलं, फिरवलं. चारही वाट्या पाण्यासारख्या. कासेला पालथा हात लावला, गार. मी ऐटीत सगुणेला सांगितलं, "मालकाला म्हणावं, सगळं बेस हाय."

"मग आवाज कशानं बसला गं?" तुम्ही डावा हात झटकलात. "माझाच हात भरून आलाय काय की. खांद्यापासनं दुखायलाय. तिच्या मुठीनं केलं हे."

मी हसले. खरंच हसले. "म्हणावं, चाळीस वर्षांची खोड मोडायची म्हणजी आठ दिस दुखणारच."

दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हशीच्या दुसऱ्या बाजूला बसलात. डाव्या हाताखाली आता वेगळा सड होता. आणि आवाज? तोच. मऊ, तुटका. मामा, सड बदलला होता आणि आवाज हातासोबत तिकडे गेला होता. यापेक्षा सरळ कुणी काय सांगायचं? माझ्या ते लक्षात आलं. तुम्हाला काय सांगू, ते अगदी स्पष्ट लक्षात आलं. आणि मला वाटलं काय, तर, चला, म्हणजे सडात खोट नाही. सुटलो. मी सुटकेचा श्वास टाकला. म्हशीच्या चारही सडांची मी तीन तीन प्रकारे तपासणी केली आणि ज्याच्या हातात ती धार होती त्याच्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

तुम्ही सगुणेला पुन्हा म्हणालात, "लई जड झालाय गं हात." पंधरा वर्षांत तुम्ही म्हशीला सांगितलेला प्रत्येक शब्द माझ्यासाठी होता. तो एवढाच मला वाटलं तिच्यासाठी आहे.

तिसऱ्या दिवशी थंडी होती. मी अंगावर शाल घेऊन गोठ्यात आले तर तुमच्या कपाळावर घाम. मला वाटलं, वैरणीचा भारा उचलून आलात. तुम्ही बसलात, पाच-सहा धारा काढल्यात, आणि म्हणालात,

"सुरेखा, चरवी धर. सांडंल."

माझं नाव. तुमच्या तोंडून, सरळ मला. मध्ये म्हैस नाही. मी जागच्या जागी उभी राहिले. मला काय वाटलं ते सांगते, लाज वाटते पण सांगते: मला आनंद झाला. सात वर्षांचं भांडण मिटलं, आता नाव घेऊन बोलायला लागले, असं काहीतरी मनात येऊन गेलं. मी पुढे होऊन चरवी धरली. तुम्ही कपाळ सगुणेच्या पोटाला टेकवलंत. तुम्ही कधी कधी तसं टेकवायचा, आतलं ऐकायला. मी चरवी धरून थांबले. तुमचं ऐकून व्हायची वाट बघत.

किती वेळ? मला माहीत नाही. सगुणा हलली नाही, शेपूटही नाही. मग तुमचा डावा हात सडावरून सुटला आणि खाली आला, तेव्हा मी ओरडले.

पिकअपमधून परंड्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही बोलले होते? डावा हात, खांदा दुखतो, घाम येतो असं?" ह्यांनी सांगितलं, "न्हाई डॉक्टर, कुणालाच काय बोलले न्हाईत." मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मी काय सांगणार होते? की मला नाही, म्हशीला सांगितलं? की मी म्हशीलाच उत्तर दिलं? मी तुमच्या हाताकडे बघत राहिले. बोटांवर दूध वाळलं होतं. पेरावरचा घट्टा पंधरा दिवसांत मऊ पडायला लागला होता.

त्या दिवशी संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं, आणि गोठ्यात सगुणा हंबरत होती. सकाळची धार अर्धवट राहिली होती, कास फुगून ताणली होती. मी उठले, वाटी घेतली आणि गेले. मागून एक बाई म्हणालीच, "सासऱ्याची राख निवली न्हाय अन ही म्हशीच्या बुडाला बसली." बसले मी. तुम्ही असतात तर तुम्हीही तेच केलं असतंत. सगुणेनं पान्हा सोडला नाही. मी विनवलं, पाठ थोपटली, पेंड घातली, शेवटी नुसतंच पिळलं, जेमतेम अर्धी चरवी निघाली. दुसऱ्या सकाळी छत्रीच्या कापडावर दोन कण आले, रव्याएवढे. मागचा डावा सड.

लोक म्हणाले, मालक गेल्याचं दुःख केलं जनावरानं. केलंच असेल. पण दुःखाला इंजेक्शन नसतं आणि रोगाला असतं, म्हणून मी डॉक्टरांना बोलावलं. तो सड दिवसातून चार वेळा पिळून रिकामा करत होते, ते दूध लांब खड्ड्यात पुरत होते. घरात पाहुणे, सुतकाचा स्वयंपाक भावकीतून येत होता, आणि मी तासा-तासाला गोठ्यात. सगळ्यांना वाटलं, सुनेला म्हशीचं वेड लागलंय. मला एकच वाटत होतं, हा सड गेला तर माझ्या हातून दोन गेले. एकही शब्द न बोलता मी धार काढायचे. सगुणा माझ्याकडे मान वळवून बघायची. तिला सवय नव्हती गप्प गोठ्याची. दोन वेळा दोघं आपल्याला सांगत असतात आणि आता कुणीच काही सांगत नाही, हे तिला कसं कळावं.

आज सकाळी कापड स्वच्छ आलं. मी ताट फिरवलं, चारही वाट्या पाण्यासारख्या पळाल्या. सड वाचला, मामा.

मी धारेला बसले. पान्हा नव्हताच. तेवढ्यात मामी गोठ्याच्या दाराशी आल्या, अकरा दिवसांत पहिल्यांदा, आणि पोत्यावर टेकल्या. मग मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मामींच्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. जे बोलायला येतं तेच बोलले.

"सगुणे," मी म्हटलं. "मामींना सांग. मामा बोलले व्हते. दोन दिस म्हणत व्हते, हात दुखायलाय, जड झालाय. म्या ऐकलं. म्या हसले. मला वाटलं, तुला सांगायलेत."

मी मान वर केली नाही. मामी रडतील, शाप देतील, उठून जातील, ह्यांना हाक मारतील, सगळं मनात येऊन गेलं. मग मागून आवाज आला. इतक्या वर्षांत ज्या बाईनं म्हशीला कधी चुचकारलंही नाही, त्या मामी म्हणाल्या,

"सगुणे, तिला म्हणावं, मलाबी म्हणले व्हते. दोन दिस म्या तेल लावून चोळला त्यो हात. जोर लावून चोळला. दवाखान्यात डॉक्टर इचारायला लागले तवा म्याबी गपच बसले."

मामा, मला तुमच्या मरणाचा धक्का कमी होता की काय, म्हणून हा दुसरा. त्या भिंतीला टेकून आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो, दोघींच्या तोंडात एकच गोष्ट, आणि दोघींनी ती गिळली. अकरा दिवस एका चुलीवर चहा केला, एका ताटात जेवलो.

तेव्हा मला रडू आलं. गुडघ्यांत धरलेली चरवी कलती झाली. मामी उठल्या, माझ्याजवळ येऊन उकिडव्या बसल्या आणि दोन्ही हातांनी चरवी धरली.

"काढ," त्या म्हणाल्या. "जनावर ताटकळलंय."

सगुणेची कास माझ्या हाताखाली भरत आली. चार धारा मी छत्रीवर घेतल्या होत्याच. त्याच्या पुढची एक, तुमची, जमिनीवर सोडली. मग डोळे मिटून, दोन्ही मुठींनी धार काढायला लागले आणि मामींच्या हातांतल्या चरवीला कान लावला. उजवी ऐकली, डावी ऐकली. दोन्हींचा आवाज सारखा होता.